हबशी पिराच्या झाडाची बेंबी

पोरीचा आवाज बंद झाला.

तोवर ती झाडाच्या पोटातून रडत होती. पाय रुतला म्हणत होती, माय म्हणत होती, आणि ती रडत होती तोवर मला धीर होता, कारण रडणारं पोर जिवंत असतं. आवाज बंद झाल्यावर मी झाडाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पावसाची बुरबुर चालू होती आणि वरच्या बेचक्यातून पाणी झाडाच्या पोटात उतरतच होतं.

माझा नवरा बेचक्यात पालथा पडून आत हात घालत होता. हात पुरत नव्हता आणि खांदा शिरत नव्हता. ते तोंड पाचसहा वर्षांच्या पोराच्या मापाचं होतं, मोठ्या माणसाला त्यातून उतरता येत नव्हतं. त्याने लोटा बांधून दोर आत सोडला होता. पोरीने तो एकदा धरला, तिचा हात घसरला, मग तिने धरलाच नाही. दोर वर आल्यावर मी तो ओढून घेतला. पावसाने दोर सगळाच भिजला होता, पण झाडाच्या पोटातलं पाणी काळं होतं, त्याची रेघ दोरावर दिसत होती. लोटा पायाशी ठेवून मी दोर अंगाला लावला. रेघ माझ्या कमरेला आली. पोर माझ्याशेजारी उभी राहिली की तिची हनुवटी तिथेच यायची. आणि ती तर खाली रुतत होती.

सासू चिखलात बसून छाती बडवत होती.

"ते मंग करा," मी म्हटलं. "आंधी उठा."

पोर झाडात कशी गेली ते आता सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला खोटं वाटेल.

आमचं गाव शेलूबाजारपासून आत, नाल्याच्या पलीकडे. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. गावाच्या टोकाला पिराची जागा आहे. एक थडगं, त्यावर हिरवी चादर, बाजूला मुजावराचं घर आणि ते झाड. पुस्तकात त्याला गोरखचिंच म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, आम्ही पिराचं झाडच म्हणत होतो. कणगीसारखं फुगलेलं बुड, हत्तीच्या कातड्यासारखी साल, आणि वर त्या बुडाला न शोभणाऱ्या एवढ्याशा फांद्या. उन्हाळ्यात त्याला दुध्यासारखी फळं लटकत. आमच्या भागात दुसरं तसं झाड मी पाहिलं नाही.

उरसाला मुजावरचाचा पिराची गोष्ट सांगत. पीर मूळचा हबशी. समुद्रापलीकडे हबशांचा मुलूख आहे, तिथून त्याला लहानपणीच पकडून अरबांच्या बाजारात विकलं. घोड्यांच्या एका सौदागराने त्याला घेतलं, कलमा पढवला, घोड्यांची निगा शिकवली आणि घोड्यांबरोबरच गलबतात घालून इकडे आणलं. इकडच्या बादशहांना तिकडचे घोडे लागत, कारण इकडे तसा घोडा पैदा होत नसे. हबशी शिपाईही लागत, कारण हबशाला इथे सोयराधायरा नसतो, तो कोणाला फितूर होणार? एलिचपूरच्या बादशहाने घोडे घेतले तेव्हा त्यांच्यासोबत यालाही घेतलं. पुढे तो जमादार झाला, गुलामीतून मोकळा झाला, आणि म्हातारपणी बादशहाने काय पाहिजे विचारलं तर त्याने गाव मागितलं नाही, ही एवढीशी जागा मागितली. इथून काफल्यांची वाट जात होती. वऱ्हाडचा कापूस आणि कापड बैलांवर लादून लोक बंदराकडे नेत, तिथून ते गलबतांत चढे आणि अरबस्तानात, हबशांच्या मुलखात जाई. तिकडून खजूर येई, लोबान येई, हस्तिदंत येई. काफला आला की माणसांना आणि बैलांना पाणी लागतं. पिराच्या मुलखात वाटेवरच्या अशा झाडांची पोटं पोखरून त्यांत पावसाळ्यात पाणी भरून ठेवायची रीत होती. त्याने तिकडच्या एका सौदागराकडून बी मागवून घेतलं आणि इथे लावलं. झाड पोखरण्याएवढं झालं तेव्हा तो राहिला नव्हता, पण त्याने सांगून ठेवलं होतं तसं चेल्यांनी केलं. झाडाने पुढे कितीतरी वर्षं काफल्यांना पाणी पाजलं.

लोक ऐकत आणि हसतही. आमच्या गल्लीतला एक जण दर उरसाला विचारायचा, तुम्ही हबशाचे वारस, मग तुमचे केस सरळ कसे? चाचा म्हणायचे, तेल लावतो म्हणून.

आमच्या घराने दीक्षा घेतली होती. सासूने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नेऊन नाल्यात टाकले आणि वळून पाहिलं नाही. पण पिराच्या जागेवर जायचं तिने सोडलं नाही. माझा दीर चिडायचा. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"देव सोड म्हतलं, सोडले. पीर कोठी देव हाय? मानूस होता. बाजारात इकलेला मानूस."

आम्हाला कोणी बाजारात विकलं नव्हतं एवढंच, बाकी काय वेगळं होतं? मी त्या वादात पडत नव्हते. मला चौथीपर्यंत शाळा मिळाली, त्यात पीर नव्हता आणि दीक्षाही नव्हती. मला घरात पाणी भरायचं काम होतं, ते दोन्ही बाजूंना चुकत नव्हतं.

त्या झाडाची एक रीत होती. बाई बाळंतपणात अडली की तिला झाडाच्या पोटातलं पाणी पाजायचं. सगळ्या गावात ही रीत होती, पाटलाच्या घरीसुद्धा. पाणी काढायला लहान पोर लागे, कारण तोंड अरुंद. पोराच्या कमरेला दोर लावायचा, मुजावराने बेचक्यात बसून ते खाली सोडायचं, पोराने पाण्यात पाय न घालता वरूनच लोटा बुडवायचा आणि वर यायचं. पोरांना त्याची मौज वाटे. उतरलेल्या पोराला गूळ मिळे.

आणि दोराला गाठ मारायची नाही. हे फार कडक होतं. बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात, वेण्या सोडतात, पेटीचं कुलूप काढतात, पोत्याची सुतळीही सोडतात. गाठ राहिली तर बाईच्या पोटात गाठ बसते. मग पाणी काढायच्या दोराला गाठ कोण मारील? पोराच्या कमरेला दोराचे वेढे द्यायचे आणि टोक वेढ्यांत खोचायचं. दरग्याचा जुना दोर सुती होता, जाड आणि मऊ. तो अंगाला धरून बसे. माझा नवरा लहानपणी त्याच दोराने उतरला होता, काही झालं नव्हतं. पण आदल्या सालच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या तेव्हा तो दोर विहिरीवर नेला आणि तिथेच तो झिजून तुटला. त्याच्या जागी अंबाडीचा नवा दोर आला. अंबाडीचा नवा दोर ताठ असतो, त्यात ओला झाला तर वेढा धरत नाही. हे गावातल्या कोणत्याही बाईला माहीत होतं, बैल बांधणाऱ्या कोणत्याही माणसाला माहीत होतं. पण बैलाला गाठ मारतात, म्हणून त्याचा विचार कोणाला करावा लागला नव्हता.

दुष्काळानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पाऊस पुष्कळ झाला. दुष्काळात झाडाचं पोट कोरडं पडलं होतं, तेव्हा वाऱ्याने आलेला पालापाचोळा आणि माती त्यात साचली, आणि त्यावर आता पाणी भरलं होतं.

माझी जाव पहिलटकरीण होती. आदल्या दिवसापासून तिला कळा येत होत्या आणि मूल येत नव्हतं. मुजावरचाचांची बायको गावची दाई, सगळे तिला खाला म्हणत. ती आमच्याच घरात होती. गाडी जुंपून दवाखान्यात न्यावं तर नाल्याला पूर. दीर नाल्यावर जाऊन पाणी उतरलं का बघायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. सासू म्हणाली, झाडाचं पाणी आणते. खालाने मान वर न करता म्हटलं, "झाडाचं राहू दे अम्मा. चुलीवरचं आन."

मी चुलीवरचं पाणी आणायला आत गेले. तेवढ्यात सासू माझ्या पोरीला घेऊन निघून गेली. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. दोराचा विचार करून नाही, पाऊस आहे म्हणून.

चाचांनीही तिला पावसामुळेच नको म्हटलं होतं. पाणी किती चढलं कोणास ठाऊक, उघाड होऊ दे, म्हणाले. सासूने त्यांच्यापुढे पदर पसरला, माझी सून मरते आहे म्हणाली. चाचा चढले. पोर उतरली, लोटा बुडवायला वाकली आणि वेढे सुटले. चाचांच्या हातात रिकामा दोर राहिला.

मला बोलवायला कोण आलं ते आठवत नाही. धावत गेले तेव्हा नवरा शेतातून माझ्याआधीच पोचला होता.

आता पुन्हा त्या जागी येते, जिथे पोरीचा आवाज बंद झाला होता.

नवरा बेचक्यातून खाली उतरला आणि कोणाच्या तरी हातातली कुऱ्हाड घेतली. बरीच माणसं जमली होती. आमच्या गावचे म्हातारे पाटील काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, पिराच्या झाडाला कुऱ्हाड लावू नको, गावाचं वाटोळं होईल. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखर तसं वाटत होतं. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, कुऱ्हाड घातली. ती रताळ्यात सुरी जावी तशी आत गेली आणि तिथेच बसली. त्या झाडाचं लाकूड लाकूड नसतंच, ओला भुसा दाबून ठेवल्यासारखं असतं. कुऱ्हाड काढायलाच वेळ लागला. दुसरा घाव घालताना त्याचा हात थांबला. पोर कुठल्या बाजूला आहे, भिंत किती जाड आहे, घाव कुठे निघेल, काही कळत नव्हतं.

चाचा थडग्याच्या ओट्याला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मला राग आला. पीर, पाणी, काफला, हे सगळं मी लग्न होऊन आल्यापासून दर उरसाला ऐकत होते, आणि आता कोणाला त्याचा काही उपयोग नव्हता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"चाचा, काफल्याले पानी कोठून देत होता तुमचा पीर? आतमंदी पोट्टे सोडू सोडू बैल पाजे काय?"

रागाने विचारलं होतं. उत्तर हवं म्हणून नाही. पण चाचांचे ओठ थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग झाडाकडे बघायला लागले आणि माझ्या बाजूने निघून झाडाच्या मागे गेले.

झाडाच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चुन्याचा एक गोल होता. त्याला गाव झाडाची बेंबी म्हणायचं. उरसाच्या आदल्या दिवशी मुजावराने त्याला चुना लावायचा, एवढंच. बाळंतीण सव्वा महिन्याने पिराच्या पाया पडायला आली की मुलाचं पोट त्या गोलाला टेकवायची. का, ते कोणी विचारत नव्हतं. चाचांचा बाप लावायचा म्हणून चाचा लावत होते.

चाचांनी हाताची मूठ करून त्यावर वाजवलं.

"सब्बल आना," ते म्हणाले.

पाटील म्हणाले, मुजावर असून तुम्ही पिराची बेंबी फोडणार का.

"पीर अठी पानी देयाले बसला होता, पाटील. चुना खायाले नाई."

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आली. पहिला घाव चाचांनीच घातला. त्यांना दुसऱ्याच्या हाताने तो घालायचा नव्हता असं मला वाटतं. चुन्याचे थरावर थर होते, भाकरींच्या चवडीसारखे, ते ताटाएवढे तुकडे होऊन पडले. आत गोल दगड निघाला. दगड घडवलेला होता, बाहेरच्या तोंडाला रुंद आणि आत निमुळता, आणि चहूबाजूंनी झाडाची साल ओठ मिटल्यासारखी त्यावर चढली होती. माझ्या नवऱ्याने सब्बल घेऊन ठोकायला उगारली तेव्हा चाचांनी त्याचा दंड धरला. आत ठोकू नको, आत पोरगी आहे, बाहेर काढ. मग एकाने विळ्याने ते सालीचे ओठ कापले आणि नवऱ्याने फटीत सब्बलीचं टोक घालून दाब दिला. दगड हलला. पुन्हा दाब दिला. दगडाच्या कडेने काळं पाणी चुळकाभर आलं, मग हातभर लांब उडालं, आणि मग दगडच सुटून नवऱ्याच्या पायावर पडला. तो ओरडलाही नाही.

पाणी आलं. काळं, कुजलेल्या पानांचं, घाण वासाचं. त्यात बेडकं होती. आम्ही सगळे त्या पाण्यात उभे होतो आणि कोणी बाजूला झालं नाही. सासू उठून आली होती, तिने त्या पाण्यात हात घातला होता, पोर हाताला लागेल अशा आशेने, पण ते भोक पोर निघेल एवढं नव्हतं. घागरीच्या तोंडाएवढं होतं. आणि मग पाणी बारीक झालं आणि थांबलं. आतला पाला येऊन तोंडाशी बसला होता.

नवरा चिखलात आडवा झाला आणि हात आत घातला, खांद्यापर्यंत. पाला ओढून बाहेर टाकला, पुन्हा घातला. पाणी पुन्हा सुटलं, त्याच्या तोंडावर आलं. तो थुंकत होता आणि आत चाचपत होता. मग तो थांबला.

"पाय लागला," तो म्हणाला.

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "गरम हाय का गार?"

त्याचा हात आतच होता. पाणी वाहत होतं.

"हालला," तो म्हणाला.

पुढचं सोपं होतं. पाणी उतरलं होतं, पोर आत गाळावर बसली होती, बाप तिचा पाय धरून होता आणि तिच्याशी बोलत होता. तोंडात पाणी जायला लागलं म्हणून तिने ओरडणं सोडलं आणि मान वर करून नाक तेवढं बाहेर ठेवलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. चाचांनीच सांगितलं, भोक मोठं करा. लाकूड मऊ होतं, विळ्याने आणि कुऱ्हाडीच्या टोकाने खरवडून निघत होतं. ज्यांनी कुऱ्हाड लावू नको म्हटलं होतं त्यांच्यातलेही हात लागले. माझ्या नखांत तो ओला भुसा किती दिवस होता. भोक परातीएवढं झालं तेव्हा बापाने तिला ओढली, पाय आधी, मग कंबर, मग डोकं. नखशिखांत काळी. मी तिला पालथी करून पाठीत थापट्या मारल्या. तिने ते घाण पाणी ओकलं, खोकली, आणि मोठ्याने रडायला लागली.

"पायाळू निंगाली," मागून एक बाई म्हणाली. लोक हसले. मला तेव्हा त्या बाईचा राग आला नाही. हसू येण्यासारखंच होतं ते.

मी सासूला म्हटलं, "आता रडा." पण ती रडायची थांबली होती. ती पोरीच्या कानातला चिखल पदराने काढत होती.

पोरीला धुऊन, चाचांच्या घरातली गोधडी गुंडाळून आम्ही घरी निघालो. मला जावेची आठवण वाटेत आली. तोवर आली नव्हती, हे सांगण्यात लाज नाही, एका वेळी एकच भीती पोटात मावते. घराशी आलो तर दीर दाराबाहेर पायरीवर बसला होता आणि त्याचं तोंड असं होतं की मला वाटलं, गेली. तो बाजूला सरकला.

आत खाला मोरीपाशी हात धूत होती. बाजेवर जाव पडली होती, डोळे मिटलेले, आणि तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं लाल मुटकुळं होतं. जावेने डोळे उघडून विचारलं, कोणी मेलं का, सगळे कुठे गेले होते. मी म्हटलं, कोणी मेलं नाही, झोप.

सासूने खालाला विचारलं, कधी झालं. खालाने सांगितलं, मघाशी, झाडाकडे ओरडा झाला तेव्हा. सासूने मान हलवली. तिचा हिशेब लगेच जमला. तिकडे झाडाची बेंबी सुटली, इकडे सून सुटली. तिने ते मरेपर्यंत सांगितलं, आणि आमच्या गावात आजही बरेच लोक तसंच सांगतात.

खालाचं म्हणणं वेगळं होतं.

"तुमी सारेच्या सारे तिकडं पळाले," ती म्हणाली. "घर खाली झालं, तं पोरीले दम घ्याले जागा भेटली. अम्मा, तुमचीच लई गर्दी होती अठी."

मला खालाचंच पटतं. मग तिने माझी पोर मागून घेतली, उजेडात नेली, तिची छाती ऐकली, डोळे पाहिले, आणि म्हणाली गूळ दे हिला, हिचा गूळ बाकी आहे. पोरीने मोठा खडा घेतला आणि तो संपेपर्यंत बोलली नाही.

गावात काही दिवस कुजबुज झाली की मुजावराने पिराची जागा विटाळली. मला वाटलं होतं पाटील त्यात पुढे असतील. ते नव्हते. त्यांनी स्वतःचा सुतार पाठवून त्या भोकाला सागाची फळी बसवून दिली आणि खाली पाणी काढायला भोक ठेवून त्याला लाकडी बूच केलं. चाचांनी त्यानंतर तिथे चुना लावला नाही. बाळंतपणाचं पाणी काढायला मग पोर सोडावं लागलं नाही, लोटा खाली धरला की झालं. खालाच्या मते तेही पाजायची गरज नव्हती, आणि पाजायचंच तर उकळून पाजा, असं ती सांगायची. काही बाया उकळायला लागल्या.

पुढच्या उरसाला चाचांनी गोष्ट सांगितली ती नेहमीचीच, हबशांच्या मुलखापासून. आमच्या गल्लीतल्या माणसाने केसांचं विचारलं नाही. त्या जागी त्याने विचारलं, इतकी वर्षं तुम्हीच सांगत होता की झाड पाणी देतं, मग देतं कुठून हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही. चाचा म्हणाले, सांगणाऱ्याला कोण विचारतं, विचारणारी एकच निघाली. माझ्याकडे सगळे बघायला लागले तेव्हा मी पोर घेऊन घरी आले.

माझी मुलगी नंतर शिकली, शाळेत शिकवायला लागली. ती एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने वाचलेलं मला सांगितलं. आफ्रिकेत सुदान म्हणून देश आहे. तिथे काफल्यांच्या वाटांवर या झाडांची पोटं पोखरून त्यांत पाणी भरत, घरटी एक झाड असे, आणि पाणी विकतही. इकडे दख्खनच्या सुलतानांकडे हबशी खरोखरच येत, गुलाम म्हणून येत आणि सरदार होत. इथला कापूस आणि कापड तिकडे खरोखरच जात होतं. आपला पीर खरा होता की नाही ते कुठे लिहिलेलं नाही, पण तो खोटा वाटत नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, खोटा असता तर दगड कोणी घडवला? तिला ते पटलं. ती त्या झाडाला अजूनही घाबरते, जवळ जात नाही. मी तिला बळेच नेत नाही.

चाचा आणि खाला दोघेही पुष्कळ जगले. सासू नातवाचं लग्न पाहून गेली. तो नातू, त्या दिवशी जन्मला तो, शिरपूरला दुकान चालवतो. माझी जाव त्याच्याजवळ राहते. माझी मुलगी नोकरीतून निवृत्त झाली आहे. नवरा मागच्या वर्षी गेला. मी आहे.